पोटातला दरवान

आमच्या घरात एकच परका शब्द दोनदा मुक्कामाला आला. पहिल्यांदा १९८४ मध्ये आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या निमित्तानं. दुसऱ्यांदा २०१८ मध्ये, भाच्याच्या तान्ह्या मुलाच्या निमित्तानं. शब्द आहे पायलोरस. दोन्ही वेळा तो दवाखान्याच्या कागदावरून घरात शिरला आणि दोन्ही वेळा कुणालाच कळला नाही. आणि माझं असं मत झालंय, की दोन्ही वेळा आजार त्या मानानं लवकर आटोपला, न कळलेल्या शब्दाचा त्रास मात्र पुरून उरला.

म्हणून आज त्या शब्दावरच लिहायचं ठरवलंय. विषय उलट्या आणि ऑपरेशनांचा आहे, तेव्हा जेवता जेवता वाचू नका.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण २००३ ते २००९ अशी सहा वर्षं मी पुण्यात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम केलंय. तेव्हा या धंद्याची चांगलीच चलती होती. अमेरिकेतले डॉक्टर दिवसभर पेशंट तपासून टेपवर बोलायचे, त्यांची रात्र होईपर्यंत इथे आमची सकाळ व्हायची, आणि आम्ही कानाला हेडफोन लावून ते सगळं टाईप करायचो. डॉक्टर घाईत, कधी तोंडात घास, कधी मागे गाडीचा आवाज. सगळा शब्द कधीच नीट ऐकू यायचा नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये आम्हाला शब्दांचे तुकडे पाडायला शिकवलं होतं. पुढचा तुकडा अवयवाचा, मागचा तुकडा त्या अवयवाचं काय झालं किंवा काय केलं त्याचा. एवढं जमलं की अर्धा शब्द ऐकूनही उरलेला ओळखता येतो. नोकरी सुटली, ही सवय राहिली.

तर पायलोरस. मूळ शब्द ग्रीक आहे. पिले म्हणजे वेस किंवा दरवाजा, आणि त्यावर लक्ष ठेवणारा तो पायलोरस. सरळ मराठीत सांगायचं तर दरवान. आमच्याकडे जुन्या वाड्यांना देवडी असायची, आणि देवडीवर एक माणूस बसलेला असायचा. आत कोण येतंय, बाहेर कोण जातंय, हे तो बघायचा. जठराच्या खालच्या तोंडाशी स्नायूचं एक जाड कडं असतं, ते नेमकं हेच काम करतं. जठरात अन्न घुसळून पातळ झालं की थोडं थोडं पुढे सोडायचं, बाकीचं अडवून धरायचं.

गावाकडच्या माणसाला देवडीपेक्षा धरण जवळचं. आमचं गाव औंढा तालुक्यात, पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणापासून फार लांब नाही. चांगला पाऊस झाला की धरणाचे दरवाजे किती फुटांनी उघडले हीच गावातली पहिली बातमी असते. जठर म्हणजे धरण, पुढचं आतडं म्हणजे कालवा, आणि पायलोरस म्हणजे दरवाजा चालवणारा माणूस. आता हा दरवाजा गंजून बंद पडला तर काय होईल? पाणी चढत जाईल आणि शेवटी वरून सांडेल. पोटाच्या बाबतीत वरून सांडणं म्हणजे उलटी. डॉक्टरी भाषेत याला गॅस्ट्रिक आउटलेट ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, लहान करून जीओओ.

आबांचं अगदी असंच झालं होतं. माझ्या आठवणीतले आबा म्हणजे बंडीच्या खिशात खायच्या सोड्याची पुडी. आधी बरीच वर्षं त्यांचं पोट उपाशीपोटी दुखायचं आणि भाकरी खाल्ली की थांबायचं. रात्री दोन वाजता उठून ते शिळ्या भाकरीचा तुकडा खायचे. मग हळूहळू सगळं उलटं झालं. खाल्लं की पोट डब्ब व्हायचं, संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं, आणि मग ते गोठ्यामागे जाऊन मोठी उलटी करायचे. आजी म्हणायची, "कालची आंबाडीची भाजी आज जशीच्या तशी पडायली माय." कुशीवर वळले की पोटात अर्ध्या भरलेल्या घागरीसारखा डुबुक आवाज यायचा. आम्हा पोरांना त्या आवाजाची मजा वाटायची.

ही सगळी लक्षणं पुस्तकात जशीच्या तशी आहेत, हे मला वीस वर्षांनी टाईप करताना कळलं. आधीचं उपाशीपोटी दुखणं म्हणजे आद्यांत्रातला अल्सर. जठर संपल्यावर आतड्याचा जो पहिला भाग लागतो, ते आद्यांत्र. तो अल्सर वर्षानुवर्षं भरायचा, पुन्हा फुटायचा, आणि प्रत्येक वेळी वण ठेवून जायचा. वणाची कातडी आक्रसते, तसं ते दार आक्रसत आक्रसत जवळजवळ मिटलं. घागरीच्या आवाजालासुद्धा नाव आहे, सक्कशन स्प्लॅश. डॉक्टर कमरेला धरून रोग्याला हलवतात आणि पोटाजवळ कान नेतात. जेवून तीन-चार तास झाल्यावरही तो आवाज आला तर पोट रिकामं होत नाहीये असं समजायचं. आजीनं केलेलं निदान त्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

तेव्हा हिंगोली हा जिल्हा नव्हता. आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला. नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेजही १९८८ चं. त्यामुळे मोठं दुखणं म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, एसटीनं अख्खा दिवस. तिथे आबांना चुन्याच्या निवळीसारखं पांढरं बेरियम पाजून फोटो काढले. नाकातून नळी घालून चार दिवस पोट धुतलं. मग ऑपरेशन केलं. पंधरा-वीस दिवसांनी छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उभी शिवण घेऊन आबा परत आले आणि सोबत एक कार्ड आलं. त्यावर ऑपरेशनच्या रकान्यात लिहिलं होतं, टीव्ही अधिक जीजे.

गावात तेव्हा एकही टीव्ही नव्हता. एशियाड होऊन दोन वर्षं झाली होती, टीव्ही नावाची वस्तू असते एवढं सगळ्यांना माहीत होतं. शाळेतल्या गुरुजींनी कार्ड वाचून दाखवलं आणि पारावर एकच हशा. गावातला पहिला टीव्ही आबांच्या पोटात बसवला म्हणे! पुढे कित्येक वर्षं आबा पारावर आले की कुणीतरी विचारायचं, "आबा, आज बातम्या काय?"

हसण्यावारी गेलं, पण त्या चार अक्षरांत काय होतं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून आता मी सांगते.

टीव्ही म्हणजे ट्रंकल व्हेगॉटॉमी. व्हेगस हे मेंदूतून निघणाऱ्या एका मज्जातंतूचं नाव. लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटक्या. नाव सार्थ आहे, कारण हा तंतू मेंदूतून निघून गळा, छाती, हृदय, फुप्फुस असं गावोगाव करत पोटापर्यंत येतो. जठराला आम्ल तयार करायचा हुकूम यानंच येतो. शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी १९४३ मध्ये अल्सरवर हा तंतूच कापायला सुरुवात केली. हुकूम थांबला की आम्ल कमी होतं आणि अल्सर भरून येतो.

पण यात एक गोम आहे. जठराला घुसळायचा आणि दरवानाला दार उघडायचा हुकूमही याच भटक्याकडून येतो. तंतू कापला की आम्ल कमी होतं, पण जठरही सुस्तावतं आणि दार नीट उघडत नाही. म्हणून नुसती व्हेगॉटॉमी करून भागत नाही, अन्नाला दुसरी वाट काढून द्यावी लागते. ती वाट म्हणजे जीजे, गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमी. तुकडे पाडा. गॅस्ट्रो म्हणजे जठर. जेजुनम हा लहान आतड्याचा दुसरा भाग, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उपाशी, कारण मेल्यावर शरीर उघडून बघणाऱ्या जुन्या वैद्यांना तो नेहमी रिकामाच सापडायचा. आणि स्टोमा म्हणजे तोंड. म्हणजे जठराला त्या उपाशी आतड्याशी जोडणारं नवं तोंड. मुख्य चारी गाळानं बुजली तर आपण बांधाला दुसरीकडे बारं पाडून पाणी काढतो, तेच. जुनं दार तसंच ठेवलं, दरवानाला हात लावला नाही, शेजारच्या भिंतीत दुसरं दार पाडलं.

ही युक्ती जुनी आहे, १८८१ सालची. त्या वर्षी २९ जानेवारीला व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी पायलोरसचा कॅन्सर जठराच्या तेवढ्या भागासकट कापून काढला आणि पेशंट ऑपरेशनमधून वाचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचे सहकारी अँटोन व्योल्फलर यांच्यापुढे असा एक रोगी आला की ज्याची गाठ काढणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी गाठ तिथेच ठेवली आणि जठर पुढच्या आतड्याशी जोडून टाकलं.

या सगळ्या नावांची शेपटं फक्त चार आहेत, आणि मला वाटतं ती घरातल्या प्रत्येकाला यावीत. टॉमी म्हणजे चिरणं. एक्टॉमी म्हणजे कापून काढून टाकणं. स्टॉमी म्हणजे नवं तोंड पाडणं. प्लास्टी म्हणजे आहे त्यालाच नवा आकार देणं. बिलरोथ यांनी केली ती गॅस्ट्रेक्टॉमी, आबांची झाली ती स्टॉमी. पायलोरसची प्लास्टीसुद्धा असते. हायनेके आणि मिकुलिच या दोघांनी १८८६-८७ च्या सुमारास ती वेगवेगळी शोधली. मिटत आलेलं दार लांबीत चिरायचं आणि रुंदीत शिवायचं. जुन्या ब्लाऊजच्या घट्ट बाहीवर करून बघा. बाही आखूड होते, पण घेर वाढतो.

आता हे शेपटांचं पुराण मी एवढं का लावलंय, तर आजीमुळे. आबा घरी आल्यापासून आजीचा एकच प्रश्न होता, "किती काढलं पोट?" औरंगाबादला कुणीतरी वॉर्डातल्या दुसऱ्या रोग्याचं बोलत होतं, त्याचं अर्धं जठर काढलं होतं. ते हिनं ऐकलं आणि आपल्याच माणसाचं म्हणून पदरात बांधून आणलं. अर्ध्या पोटाचा माणूस! मग आबांच्या ताटात अर्धीच भाकरी. मग नांगर धरायचा नाही, पोतं उचलायचं नाही. पुढच्याच वर्षी पाच एकर रान बटईनं दिलं. आबा तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. पुढे सव्वीस वर्षं जगले, पण औत पुन्हा कधी धरलं नाही. दिवसभर पारावर बसायचे. टीव्हीचे विनोद ऐकून घ्यायचे.

काही त्रास खरा होताही. गोड खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत घाम फुटायचा, छातीत धडधडायचं, आडवं व्हावं लागायचं. पोळ्याला पुरणपोळी खाऊन आबा पडून राहिले, की आजी म्हणायची, पोटच नाही उरलं तर पुरण मावणार कुठं. खरं कारण वेगळं होतं. नव्या दाराला दरवान नसतो. गोड पातळ अन्न जठरात न थांबता धाडकन आतड्यात जातं, आणि ते पातळ करायला शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. याला डंपिंग म्हणतात. उपाय साधा असतो. थोडं थोडं आणि जास्त वेळा खायचं, गोड कमी करायचं, जेवताना पाणी कमी प्यायचं. त्यासाठी रान बटईनं द्यायची गरज नसते. आबांच्या पोटातून काहीच काढलेलं नव्हतं, हे त्या कार्डावर चार अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवट एक्टॉमीनं नव्हता, स्टॉमीनं होता. पण ते उलगडून सांगणारं कुणी नव्हतं, आणि मला ते वाचता येईपर्यंत फार उशीर झाला होता.

आबांसारखी ऑपरेशनं एकेकाळी आपल्याकडे सर्जरी शिकणाऱ्या पोरांचा रोजचा अभ्यास होती. आता ती फार थोडी होतात, आणि त्यामागची गोष्ट नावांच्या नादी लागलेल्या माणसाला फारच आवडेल अशी आहे. आधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या. सिमेटिडीन १९७६ मध्ये बाजारात आली, पुढे दशकभरानं ओमेप्रॅझोल. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल हे दोघं म्हणू लागले की अल्सर चिंतेनं किंवा तिखटानं नाही, एका जंतूनं होतो. जंतू बशीत वाढवायचे त्यांचे सुरुवातीचे प्रयत्न फसत होते. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहून गेल्या, आणि सुट्टीनंतर बघतात तर जंतू वाढलेला. तरी लोकांचा विश्वास बसेना. मग १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतःच पिऊन पोट बिघडवून दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे बघा, आबा टेबलावर होते त्याच वर्षी तिकडे एक डॉक्टर पेलाभर जंतू पीत होता.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. म्हणजे दरवानाचा जंतू. आधी त्याला कॅम्पिलोबॅक्टर पायलोरिडिस म्हणायचे. १९८७ मध्ये लक्षात आलं की लॅटिनची षष्ठी विभक्ती चुकली आहे, म्हणून पायलोरिडिसचं पायलोरी केलं. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, पुढचं नावही बदललं. शाळेत विभक्ती चुकली म्हणून पट्ट्या खाल्लेल्या सगळ्यांना ही बातमी अर्पण. आपल्याकडे हा जंतू लहानपणापासूनच पुष्कळांच्या पोटात असतो, त्यातल्या थोड्यांनाच अल्सर होतो. झालाच, तर दोन अँटिबायोटिक आणि एक आम्लाची गोळी असा साधारण दोन आठवड्यांचा डोस असतो. आबांच्या आजाराला पुढे हा उपाय निघाला, त्यांच्या वेळी नव्हता. त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही.

मोठ्या माणसांत दार बंद होणं मात्र संपलेलं नाही. जुने वण असतात, दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन झालेले अल्सर असतात, क्वचित टीबी असतो, चुकून किंवा रागाच्या भरात प्यायलेलं ॲसिड असतं, आणि कॅन्सर असतो. काहींचं काम फुग्यानं दार रुंद करून भागतं, काहींना जाळीची नळी बसवतात, काहींना आजही जीजे लागतं. पण आदल्या दिवशीचं अन्न उलटीत पडायला लागलं तर सोडा खात बसू नये, दुर्बिणीनं तपासून घ्यावं. हे मी डॉक्टर म्हणून नाही, आबांची नात म्हणून सांगते.

आता दुसरी वेळ. २०१८ च्या पावसाळ्यात भाच्याला पहिला मुलगा झाला. महिनाभर सगळं छान होतं. मग लेकरू दूध पिलं की उलटी करायला लागलं. साधी नाही, पिचकारीसारखी, हातभर लांब जाणारी. आणि उलटी झाली की लगेच पुन्हा भुकेनं रडायचं, पुन्हा प्यायचं, पुन्हा उलटी. वजन घटायला लागलं. कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या पडल्या.

घरात लगेच चौकशी बसली, आणि आरोपी ठरलेलाच होता. आईचं दूध. दूध जड आहे, दूध बाधलंय, हिनं वांगं खाल्लं असेल, हिनं डाळ खाल्ली असेल. सूनबाईचं वांगं बंद झालं, डाळ बंद, तेल बंद, शेवटी भाकरी आणि मेथी एवढंच ताटात राहिलं. दृष्ट काढून झाली. गुटी वाढवून झाली. एक जाणती बाई येऊन म्हणाली, दूध काही दिवस तोडूनच बघा. चोवीस वर्षांची पोरगी, पहिलं बाळंतपण, रात्रभर रडणारं लेकरू, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे असा बघायचा की जणू ती लेकराला विष पाजतीये.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला लावली. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, कागदावर लई मोठं नाव लिहिलंय. वाचता येतंय, पण कळंना. उद्या नांदेडला न्यायला सांगितलंय." मी म्हटलं, एकेक अक्षर वाच. त्यानं वाचलं. इन्फंटाईल हायपरट्रॉफिक पायलोरिक स्टेनोसिस.

चौतीस वर्षांनी तोच दरवान!

मी त्याला म्हटलं, फोन स्पीकरवर टाक आणि सगळ्यांना बोलव, सूनबाईला पुढे बसव. मग शब्दाचे तुकडे पाडले. इन्फंटाईल म्हणजे तान्ह्या बाळाचं. हायपर म्हणजे जास्त, ट्रॉफी म्हणजे पोसणं. स्टेनोसिस म्हणजे अरुंद होणं. म्हणजे पोटातल्या दरवानाचा स्नायू वाजवीपेक्षा जास्त पोसला गेलाय आणि दार अरुंद झालंय. पैलवानासारखा दंड फुगवून देवडीतच आडवा बसलाय म्हणा ना. दूध आत उतरतंय, दारापर्यंत जातंय, आणि पुढे वाटच नाही म्हणून परत येतंय. गाईचं पाजा, डब्याचं पाजा, नुसतं पाणी पाजा, तेही परतच येणार. यात दुधाचा काय दोष? आईनं वांगं खाल्लं काय आणि श्रीखंड खाल्लं काय, दरवानाला त्याचं काही नाही.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनीचा, म्हणजे भाच्याच्या आईचा आवाज आला. ती सुनेला म्हणत होती, "ऊठ गं, जेवून घे आधी."

हा आजार पहिल्या मुलांत आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त दिसतो, बहुतेक दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. का होतो ते आजही पुरतं उलगडलेलं नाही. उलटी पांढरी असते, कारण हिरवं पित्त दाराच्या पलीकडे आतड्यात येऊन मिळतं आणि तिथून अलीकडे येऊ शकत नाही. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर प्रकरण वेगळं आणि जास्त घाईचं असतं. तेव्हा एक तासही घरी थांबू नये.

नांदेडला वेगळंच नाटक. डॉक्टरांनी दोन दिवस ऑपरेशन केलंच नाही, लेकराला नुसतं सलाईन लावून ठेवलं. आमचे भाऊ चिडले. लेकरू वाळायलंय आणि हे बसलेत थांबून! पुन्हा फोन. यातही कारण आहे. उलटीतून नुसतं दूध जात नाही, पोटातलं आम्ल आणि क्षारही जातात, आणि रक्तातला आम्लाचा तोल बिघडतो. त्या अवस्थेत भूल दिली तर बाळ श्वास घ्यायचं विसरू शकतं. आधी तोल सावरायचा, मग ऑपरेशन. थांबले होते तो उपचाराचाच भाग होता. वॉर्डात कुणीतरी दोन वाक्यांत हे सांगितलं असतं, तर भावाचं बीपी वाढलं नसतं.

ऑपरेशनचं नाव पायलोरोमायॉटॉमी. मायो म्हणजे स्नायू, आणि शेपूट टॉमी, फक्त चिरणं. जर्मनीत कॉनराड रामस्टेट यांनी १९११-१२ मध्ये ही पद्धत बसवली. त्याआधी अशा बाळांवर मोठ्यांसारखंच नवं दार पाडून बघायचे, आणि त्यात बरीच बाळं दगावायची. रामस्टेट यांनी पहिल्या बाळाचा स्नायू चिरला आणि शिवायला गेले, तर टाके टिकेनात. मग तो तसाच उघडा ठेवावा लागला. बाळ बरं झालं. पुढच्या बाळाला त्यांनी टाके घातलेच नाहीत. जाड झालेला स्नायू लांबीत चिरायचा, आतलं नाजूक अस्तर शाबूत ठेवायचं आणि स्नायू मोकळा सोडून द्यायचा, एवढंच. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली, आजही तेच करतात. काही काढायचं नाही, काही जोडायचं नाही. दरवानाला नोकरीवरून काढत नाहीत, फक्त त्याच्या पट्ट्याची गाठ सैल करतात. पुढे काही महिन्यांत तो आपोआप बारीक होतो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी लेकरू आईचंच दूध प्यायलं. तेच दूध. आणि ते पोटात राहिलं.

मराठीत या सगळ्याला शब्द नाहीत असं नाही. वाईच्या विश्वकोशात आणि सरकारी परिभाषेत शोधलं तर सापडतात. अल्सरला पचनज व्रण, ड्युओडिनमला आद्यांत्र, व्हेगसला प्राणेशा तंत्रिका. शब्द सुंदर आहेत, कुणीतरी कष्टानं घडवलेले आहेत. आयुर्वेद तर जठराच्या पुढच्या भागाला ग्रहणी म्हणतो, न पचलेलं धरून ठेवते आणि पचलेलं पुढे सोडते ती. पुन्हा दरवानच की! ग्रीकांना आणि आपल्या वैद्यांना पोटाकडे बघून एकच गोष्ट सुचावी, याची मला गंमत वाटते. पण वॉर्डात यातला एकही शब्द ऐकू येत नाही. तिथे जीओओ, जीजे, आयएचपीएस. अक्षरांना अंगठा द्यायचा आणि बाहेर बाकावर बसायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, की पायलोरस म्हणा, जठरनिर्गम म्हणा, पण त्याआधी एकदा दरवान म्हणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या अर्ध्या मिनिटात कुणाचं तरी ताट परत मिळतं, कुणाचं तरी रान सुटत नाही.

हिंगोलीला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. आमच्या भावकीतली एक मुलगी तिथे जायचं म्हणून नीटचा अभ्यास करतीये. तिला मी शेपटांचा तक्ता पाठवलाय. आणि जे डॉक्टर होणार नाहीत त्या सगळ्यांसाठी चार प्रश्न. घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं, की सही करायच्या आधी विचारा. चिरणार काय? काढणार काय? नवं तोंड कुठे पाडणार? आकार कशाचा बदलणार? चारपैकी बहुतेक वेळा एकाला किंवा दोघांनाच उत्तर असतं. ते मराठीत लिहून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आबांच्या कार्डाखाली मी परवा पेन्सिलनं लिहून ठेवलं, काही काढलेलं नाही. आजीही आता नाही. पण ट्रंक कधी कुणी उघडली, तर निदान त्याला तरी कळेल.